मेकॅनिक म्हणून घेतलेला चहा

फोन आला तेव्हा मशीन चालू होतं. सूनबाईचा मोबाईल टेबलावर थरथरला. तिनं नाव बघितलं आणि उचलला नाही. टूल वर येईपर्यंत थांबली, मशीन बंद केलं, चिंध्यांना हात पुसले आणि मगच फोन कानाला लावला. मी दाराजवळ स्टुलावर बसून एका कास्टिंगवर बोट फिरवत होतो. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण तिच्या तोंडाकडं बघून मी उठलो. "मामा," ती म्हणाली, "आप्पा गेलं." तेवढंच. रडली नाही. कारखान्यात रडायचं नाही असा काही आमच्याकडं नियम नाही, पण तिचा असावा. संगणक रीतसर बंद केला, खुर्ची आत सारली, आणि गाडी कागलच्या पुढं गेल्यावर मग जी कोसळली ती गडहिंग्लज येईपर्यंत...

आप्पा म्हणजे माझे व्याही, मारुतराव. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांच्यावर लिहिणारी शिकलेली माणसं गडहिंग्लजला पुष्कळ आहेत. टेलिफोन खात्यात जन्म काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर तिथल्या कॉलेजांचे, पतसंस्थांचे संगणक तारेनं एकमेकांना जोडून देणारा. पण आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमधले मारुतराव माझ्याइतके कुणी बघितले नाहीत, म्हणून हे मी लिहितोय. चौथी शिकलोय, ते सांगायला मला लाज वाटत नाही. हातानं लिहितोय, दुसऱ्याला सांगून लिहून घेत नाही. ऱ्हस्व-दीर्घ छापणाऱ्यांनी बघावं, बाकी एक शब्द बदलू नये.

पहिली भेट मुलगी बघायला गेलो तेव्हाची. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, माझा मुलगा सुहास मान खाली घालून बसलेला. आता मुलीचा बाप मुलाचं शिक्षण विचारेल, शेती विचारेल, असं आम्हाला वाटलेलं. मारुतरावांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तुमच्या कारखान्याचं अर्थिंग कुणी केलंय?"

मी म्हटलं, "मी केलंय की."

"बरोबर हाय असं कोण म्हणतंय?"

"मीच म्हन्तोय."

"व्वा! करणारं तुम्ही, बरोबर म्हणणारं पण तुम्हीच. मग चूक कशाला सापडतीय?" आणि स्वतःच असे मोठ्यानं हसले की आतल्या खोलीतून विहीणबाई डोकावल्या. माझ्या डोक्यात सणक गेली. उद्यमनगरात लेथवर उभं राहून मी शेड बांधली. बोअरमध्ये, म्हणजे कापलेल्या भोकात, बोट घालून किती कमी-जास्त आहे ते मी सांगतो, आणि हे पावणं मला अर्थिंग विचारालेत! परत येताना गाडीत मी म्हणालो, मुलगी चांगली आहे, पण बाप तापट डोक्याचा दिसतोय. आमच्या मंडळी म्हणाल्या, "मग जमलं की तुमचं." लग्न झालं. आणि दुसऱ्याच महिन्यात, कुणाला कळू न देता, मी बाहेरचा वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. बरोबरच निघालं. ते मी मारुतरावांना मुद्दाम फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आता बरोबर हाय."

"कोण म्हणतंय?" हा त्यांचा शब्द. भाजीवाली म्हणाली वांगी ताजी आहेत, कंडक्टर म्हणाला गाडी थेट जाते, डॉक्टर म्हणाला काही नाही नुसता गॅस आहे, की यांचं आलंच, "कोण म्हणतंय?" माणसाला राग यायचा. मला तर फार यायचा. पण त्यात समोरच्याला खोटं पाडायची खुमखुमी नव्हती, एवढं मात्र खरं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं, की हे म्हणणारा कोण, आणि त्यानं ते स्वतः बघितलंय का.

आता त्यांची दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. आता कुणी पाळत नाही. मारुतराव पाळायचे. आमच्याकडं आले की पाण्याची बाटली स्वतःची, धडप्यात बांधलेली भाकरी स्वतःची, आणि ती खायची कुठं, तर आमच्या फाटकाबाहेर रस्त्याकडेच्या झाडाखाली. गल्लीतली माणसं बघायची. आमच्या मंडळींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी फाटकात उभा राहून तोंडावर म्हणालो, "पावणं, हे आता कोण पाळतंय?"

"मी पाळतोय की."

"आमच्या घरात काय इख हाय?"

ते भाकरी चावत राहिले. मग म्हणाले, "इख न्हाई, चव हाय. तुमच्यात एकदा जेवायला लागलो की तोंड बांधलं जातंय. उद्या लेकीच्या बाजूनं न्हाईतर तुमच्या बाजूनं बोलायची पाळी आली, तर उपाशी तोंडानं नीट बोलता येतंय." मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांनी पुढं त्या तोंडाचा वापर कसा केला, ते मी बघितलं.

सूनबाई, म्हणजे रूपाली, संगणकाचा डिप्लोमा करून आलेली. आमच्या मशिनी तोवर संगणकावर चालणाऱ्या झालेल्या. टेबलावरच्या संगणकात प्रोग्राम लिहायचा, म्हणजे टूलनं कुठं जायचं, किती खोल जायचं याचे आकडे. ते आकडे तारेतून मशीनला जातात आणि मशीन त्याप्रमाणं कापतं. हे काम सुहास करायचा. लग्नानंतर वर्षभरात ते टेबल आपोआप रूपालीचं झालं, कारण तिचा हात त्याच्यापेक्षा साफ होता. सून कारखान्यात बसते म्हणून उद्यमनगरात काही जण हसले. मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती त्या खुर्चीत बसली की वेगळी दिसायची. घरात "व्हय मामा, न्हाई मामा" एवढंच बोलणारी पोरगी तिथं शंकर मिस्त्रीला "थांबा, आधी मी बघतो" म्हणून दरडावायची, आणि शंकर मिस्त्री थांबायचा. हा मिस्त्री माझ्याबरोबर म्हातारा झालेला. तो माझ्या सांगण्यावरूनही कधी थांबलेला नाही.

मग पावसाळ्यात एकदा वीज पडली की काय झालं कोण जाणे, संगणकातली तार जोडायची जागा जळाली. सुहासनं बाजारातून एक कार्ड आणून आत बसवलं. नेटवर्क कार्ड म्हणतात त्याला. संगणकातले आकडे तारेवर सोडायचं काम त्याचं. सगळं पहिल्यासारखं सुरू झालं, आणि थोड्या दिवसांनी एक बेअरिंगचं घर मोठ्या बोअरचं निघालं. शंभरात एखादं बिघडतं, म्हणून सोडून दिलं. मग आणखी एक. मग एके दिवशी टूल जिथं थांबायचं तिथं न थांबता खाली तुकडा धरणाऱ्या वायसवर जाऊन आदळलं, मोठा आवाज झाला आणि टूलचा तुकडा उडून शंकर मिस्त्रीच्या कानाजवळून गेला.

सुहासनं मशीनच्या पडद्यावरचा आकडा बघितला, तो चुकलेला. टेबलावर येऊन संगणकातला बघितला, तो बरोबर. आता यातून माणूस काय समजेल? तो रूपालीला म्हणाला, "आधी चुकीचं पाठवलंस आणि आवाज झाल्यावर हितं दुरुस्त केलंस." ती म्हणाली, "मी हात लावलेला न्हाई." तो म्हणाला, "मग काय तारेनं आकडा बदलला व्हय?" शंकर मिस्त्री माझ्या शेजारी येऊन हळूच बोलला, "मालक, वैनीसाहेबांचं बोट घसरतंय. त्याचं काय न्हाई, पर कबूल करायला काय जातंय?"

चुकणं वेगळं आणि चूक झाकणं वेगळं. आमच्या धंद्यात चुकलेल्याला मी कधी काढलं नाही, झाकणाऱ्याला ठेवलं नाही. आता ती सून, तिला कुठं काढणार? मी एवढंच म्हणालो, की ह्याचा निकाल लागेपर्यंत सुहास टेबलावर बसेल. त्या दिवशी माझ्या हातात जे होतं त्यावरून मी तेच बोलणार होतो, आणि आजही तसंच बोलेन. टूलचा तुकडा माणसाच्या कानाजवळून गेलेला होता. पण तिनं खुर्चीवरून उठून ओढणी सारखी केली, ते मी बघितलं. जाताना टेबलावरची आपली पेन्सिलसुद्धा घेऊन गेली... मग बाहेरचा इंजिनियर आला. त्यानं तार बदलली, मधली डबी बदलली, त्याच्या लॅपटॉपवर काहीबाही बघितलं आणि म्हणाला, "सगळं ओके आहे. एकही एरर नाही." म्हणजे तिच्यावरचा आळ आणखी घट्ट झाला. घरात ती जेवायला वाढायची, पण स्वतः कधी जेवायची ते कुणाला दिसायचं नाही.

तिनं बापाला रडून बोलावलं नव्हतं. फोनवर नुसता एक प्रश्न विचारला होता, की आप्पा, तारेतून जाताना आकडा बदलू शकतो का. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मारुतराव हजर. चपला दारात काढल्या, जसं काय देवळात आले. मला नमस्कार केला आणि सगळ्यांसमोर लेकीला विचारलं, "आक्का, खरं सांग, नंतर बदललंस का?" ते तिला आक्का म्हणायचे, त्यांच्याकडं लेकीलाही म्हणतात.

"न्हाई आप्पा."

"बरं. तुझं धरत न्हाई. जावईबापूंचं म्हणणं पण धरत न्हाई. चला, बघू."

त्या "तुझं धरत न्हाई"नं तिचे डोळे भरले. मलाही ते लागलं. म्हटलं, काय बाप आहे हा!

त्यांनी मशीनवरचा जॉब, म्हणजे कापायला लावलेला तुकडा, काढायला लावला, टूल काढायला लावलं. मोकळ्या मशीनला तोच प्रोग्राम पाठवायचा आणि पोचलेले आकडे ताडून बघायचे. रूपालीला टेबलावर बसवलं, संगणकातले आकडे मोठ्यानं वाचायला. मग मशीनजवळ कोण वाचणार? सुहास पुढं झाला. मारुतराव म्हणाले, "तुम्ही नको. पावणं वाचतील."

"मी?"

"तुम्हाला आकडे येत्यात न्हवं?"

"मायक्रोमीटर काय पोपट वाचतोय व्हय आमच्यात?"

"मग वाचा की. तुम्ही वाचलेलं हितं कोण खोटं म्हणणार न्हाई."

मी चष्मा लावून मशीनजवळ उभा राहिलो. ती टेबलावर. मारुतराव बरोबर मधे, दोघांचा आवाज सारखा येईल अशा ठिकाणी, डोळे मिटून. ती एक ओळ वाचायची, मी तीच ओळ मशीनच्या पडद्यावर वाचायचो. संपलं की परत पाठवायचं, परत वाचायचं. पहिल्यांदा सगळं जुळलं. दुसऱ्यांदाही. सुहासनं माझ्याकडं बघितलं, म्हणजे आता बोला. तोंड दुखायला लागलं, घसा कोरडा पडला. मला पाणी आलं, रूपालीला आलं. मारुतरावांनी त्यांच्या बाटलीतलं घोटभर घेतलं. शंकर मिस्त्री म्हणाला, "हे काय पारायण लावलंय व्हय पावणं?" मारुतराव डोळे न उघडता म्हणाले, "व्हय. कंटाळा आला तर टाळ वाजवा."

आणि मग एका फेरीत, दुपार कलायच्या आधी, ती म्हणाली "उणे बारा" आणि माझ्या तोंडातून निघालं "उणे अठ्ठावीस."

"परत वाचा," मारुतराव म्हणाले. मी परत वाचलं. पडद्याला बोट लावून वाचलं. उणे अठ्ठावीस. तिकडं टेबलावर उणे बारा, आणि तिचे दोन्ही हात वर, छातीजवळ धरलेले, जसं काय कुणी पिस्तूल रोखलंय. तिनं कशाला हात लावलेला नव्हता, हे सुहासनं बघितलं, मिस्त्रीनं बघितलं, आणि चुकलेला आकडा मी माझ्या तोंडानं वाचला होता.

सुहास म्हणाला, "पण इंजिनियर म्हणाला, एक पण एरर न्हाई."

"कोण म्हणतंय एरर न्हाई?" मारुतरावांनी आता डोळे उघडले. "इंजिनियर म्हन्तोय, कारण संगणक म्हन्तोय. संगणक म्हन्तोय, कारण कार्ड म्हणतंय. कार्ड बरोबर हाय असं कोण म्हणतंय?" मग त्यांनी संगणकात कुठंतरी आत आत शिरून एक ओळ दाखवली आणि मला समोर बसवून समजावलं. संगणकातून आकड्यांचा गठ्ठा निघाला, की सोबत त्या सगळ्यांची एक बेरीज जाते. पलीकडं गठ्ठा पोचला की तिथं परत बेरीज करायची. जुळली तर घ्यायचं, नाही जुळली तर फेकून द्यायचं आणि परत मागायचं. ही बेरीज खरं तर संगणकानं करायची असते. पण काम भराभर व्हावं म्हणून आता ती कार्डावर सोपवतात. "ह्या कार्डाचं पोट बिघडलंय. आकडा पोटात गेल्यावर कवातरी बदलतोय. आणि बदललेल्या आकड्याचीच बेरीज करून हे पुढं पाठवालंय. पलीकडच्याला बेरीज जुळलेलीच दिसतीय. तो कशाला ओरडंल?"

मी म्हटलं, "म्हंजे ज्यानं जॉब बिघडवला, त्यानंच तपासून ओकेचा शिक्का मारला."

मारुतराव माझ्याकडं बघतच राहिले. आमच्या शेडमध्ये पहिल्या दिवसापासून एकच कायदा आहे, ज्यानं जॉब केला त्यानं शिक्का मारायचा नाही. टर्नर कितीही मोठा असू दे, मी स्वतः केला तरी माझा जॉब शंकर मिस्त्री मोजणार. ते म्हणाले, "पावणं, तुम्ही चौथी शिकलाय ते खरं वाटत न्हाई."

"चौथीत पहिला आलतो," मी सांगितलं. खरंच आलो होतो.

मग त्यांनी कार्डाची बेरीज बंद केली आणि संगणकाला सांगितलं, तू तुझी स्वतः कर. कार्ड तेच, तार तीच, प्रोग्राम तोच. आता गठ्ठा निघायच्या आधीच बेरीज झालेली, त्यामुळं पोटात आकडा बदलला की पलीकडं ती जुळेना. प्रोग्राम अडखळत, थांबत थांबत जायला लागला. पलीकडून गठ्ठे नाकारले जायला लागले, परत मागवले जायला लागले. पण जो आकडा पोचला तो बरोबरच पोचला. आम्ही वाचत राहिलो, ती आणि मी, आणि एकदाही फरक पडला नाही. शेवटी मारुतरावांनी ते कार्ड उपसून काढलं, हातरुमालात गुंडाळलं आणि सुहासच्या हातात दिलं. सुहासनं ते कार्ड उलटंपालटं करून बघितलं. मग टेबलाजवळ गेला, खुर्ची बाहेर ओढली, तिच्याकडं वळवली आणि म्हणाला, "बस. माझं चुकलं."

ती लगेच बसली नाही. बापाकडं वळून म्हणाली, "आप्पा, तुम्ही माझं धरलं न्हाईसा."

"तुझं धरलं असतं, तर ह्यांनी मानलं असतं व्हय? माणसं म्हणाली असती, बापानं लेकीवर शिक्का मारला. आता सासऱ्यानं वाचलंय. आता कोण बोलंल?" एवढं बोलून ते पाठमोरे झाले आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते...

चहा आला. सगळ्यांनी घेतला, मारुतरावांनी हात जोडले. माझी सहनशक्ती संपली. मी म्हटलं, "पावणं, हा चहा व्याह्याला न्हवं. आमच्यात मेकॅनिक आला तर त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत न्हाई. तो कारखान्याचा मान हाय. घरचा न्हवं."

"मेकॅनिकला?"

"मेकॅनिकला."

"मग मेकॅनिकला अहो-जाहो करता व्हय तुम्ही?"

व्याह्याला अरे म्हणायचं! आमच्या सात पिढ्यांत कुणी म्हणालं नसेल. सुहासनं मान खाली घातली. रूपालीनं तोंडाला ओढणी लावली. मी कप उचलला, त्यांच्यापुढं धरला आणि शेडभर ऐकू जाईल असं म्हणालो, "घे रे मारुत्या, चहा घे!"

त्यांनी घेतला. बशीत ओतून, फुर्रर्र करून, सावकाश घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मालक, साखर जास्त हाय." शंकर मिस्त्री हसता हसता मशीनला टेकला. मी माझ्या आयुष्यात कुणाला चहा पाजून एवढा खूश झालेलो नाही.

त्यानंतर परत तेच, बाटली स्वतःची, भाकरी स्वतःची. रूपालीला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, दोघांनी जे करायचं ते केलं. बाहेर माणसं बोलायची. मारुतरावांनी त्यावर एकदाही तोंड उघडलं नाही, आणि फाटकाबाहेरचं झाडही सोडलं नाही. मी मग एक करायला लागलो. ते आले की माझी भाकरी घेऊन मीही झाडाखाली जाऊन बसायचो. रस्त्यावर काय त्यांची एकट्याची मालकी नव्हती. त्यांची चटणी मी खायचो, माझी त्यांना द्यायचो नाही, देऊन उपयोग नव्हता. लग्नाच्या मांडवात झाल्या नाहीत एवढ्या गप्पा तिथं झाल्या आणि भांडणं तर विचारू नका. त्यांना माझं जुनं लेथ मोडीत काढलेलं बघायचं होतं, मला त्यांचं तोंड.

या वर्षी त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं आणि कोल्हापुरात दवाखान्यात ठेवलं. तिथंही तेच. नर्स रक्तदाब सांगायची आणि हे म्हणायचे, "दुसऱ्या मशीननं बघा." शेवटच्या भेटीला मी गेलो ते दुपारचा डबा घेऊन. रूपाली कामात होती. डबा तिनं केलेला, आमच्या घरातला. मारुतराव उशाला टेकून बसलेले, हात बारीक झालेले, पण नजर तीच.

"डबा कुठला?"

"खानावळीतला," मी म्हटलं.

"कोण म्हणतंय?"

"मी म्हन्तोय."

त्यांनी झाकण काढलं. वांग्याच्या भाजीचा वास खोलीभर पसरला. ती भाजी त्यांची बायको करते, आणि लेक अगदी तशीच करते, हे त्या खोलीतल्या दोघांनाही माहीत होतं. त्यांनी भाजीकडं बघितलं, मग माझ्याकडं. बराच वेळ बघितलं. मी नजर हलवली नाही. वाटलं, आता डबा बंद करतील... त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. सावकाश, सगळा डबा संपवला. बोटं चाटली. पाणीही माझ्याच बाटलीतलं प्यायले. मग तोंड पुसून म्हणाले, "मालक, खानावळ चांगली हाय. सोडू नका."

जन्मभर सगळं तपासत आलेल्या माणसानं तेवढं एक तपासलं नाही. का नाही, ते मी विचारलं नाही, आणि मला विचारायचंही नव्हतं. चार दिवसांनी गडहिंग्लजला घरी गेले आणि थोड्याच दिवसांत तो फोन आला.

आप्पांचे दिवस करून रूपाली परत आली, तोवर सुहासनं नवा संगणक आणून ठेवलेला. जुना फार कुरकुरत होता. तो बसवायला एक तरुण इंजिनियर आलेला, हुशार, बोलायला गोड. त्यानं सगळं जोडून दिलं. रूपाली खुर्चीत बसली, आत कुठंतरी गेली आणि कार्डाची बेरीज बंद केली. तो म्हणाला, "मॅडम, हे नवीन कार्ड आहे, एकदम चांगलं. स्वतः चेक करतं. बंद करायची काही गरज नाही."

"असू दे," ती म्हणाली.

तो हसून माझ्याकडं वळला. मालक म्हातारा आहे, पांढऱ्या मिशा आहेत, हा तरी ऐकेल. "काका, तुम्ही सांगा की."

"मला काय विचारतोस? टेबल त्यांचं हाय," मी म्हटलं. सुहास तिथंच उभा होता. त्यानं मान हलवली. इंजिनियर त्याची बॅग घेऊन गेला.

मग तिनं पहिला प्रोग्राम पाठवला. माझं वय झालंय, डोळ्यांना त्रास होतो, आणि हे आकडे आता संगणक स्वतःच परत मागवून ताडून बघू शकतो, हे मला माहीत आहे. सुहासनं मला तीनदा सांगितलंय. तरी मी चष्मा लावून मशीनजवळ जाऊन उभा राहिलो. तिनं पहिली ओळ वाचली. मी वाचली. दुसरी वाचली. मी वाचली. आता नवा जॉब लागला की रोज असंच चालतं. शंकर मिस्त्री जाता-येता टेबल आणि मशीन यांच्या मधून जात नाही, मागून वळसा घालून जातो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. आणि एक मला परवा कळलं, की दहा पावलांवर समोरासमोर असूनही आम्ही दोघं गरजेपेक्षा जरा मोठ्यानं वाचतो. मधे कुणीतरी डोळे मिटून उभं आहे आणि दोन्हीकडचं त्याला सारखं ऐकू गेलं पाहिजे, अशा आवाजात.